रोह्याच्या फायनलमधला डावा हात

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. वाचून हसतो आणि झोपतो. कधी आपल्यालाच लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, कारण मी त्यातला माणूसच नाही हो... आमच्याकडे कुणी सांगत आलं की खाडीच्या बांधावर मागून हाक आली, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला — किती घेतली होती? मी डोलवीच्या स्टील कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर मेंटेनन्सचं काम करतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत आमची शिफ्ट संपत नाही. एवढी साधी माझी अक्कल. तेव्हा हे वाचून मला अंगारे-धुपारे सुचवू नका. मला कारण हवंय.

आम्ही पेणचे. घर रामवाडीत. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ योगेश. म्हणजे आता आई आणि मी. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले.

योगेशचं नाव तुमच्यातल्या पूल, म्हणजे तो बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, खेळणाऱ्यांनी कदाचित ऐकलं असेल. मुंबईच्या एका क्लबकडून तो प्रोफेशनल म्हणून खेळायचा. दिल्ली, इंदूर, बेंगळुरू... कुठे कुठे जाऊन आला. पण त्याला पहिल्यांदा टेबलापाशी नेलं ते मी. हे कुणी कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. हायवेजवळच्या पूल पार्लरमध्ये मी कॉलेजपासून जायचो. एकदा हा माझ्या मागे लागला — दादा, मला पण ने. नेला. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, कसा धरायचा हे मीच दाखवलं. महिना झाला नसेल, आणि हा माझ्यासकट सगळ्यांना हरवत सुटला. त्यानंतर पार्लरमध्ये माझं नाव गेलं. मी ‘योग्याचा भाऊ’ झालो. मोठा भाऊ मी, आणि ओळख त्याची!

त्याचा हात मुळातच वेगळा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात हात न लावलेला पोरगा विरळा. मीही लावला, पण माझी मजल साच्यातून मूर्ती काढण्यापुरती. योगेश मात्र लहान वयातच आखणीला बसला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते काम वाटेल त्याला देत नाहीत. हा डावखुरा. करंगळी मुडपून मूर्तीच्या गालाला टेकवायचा, श्वास धरायचा, आणि एका दमात भुवई ओढायचा. ओढण्याआधी ब्रशचं टोक ओठांत धरून जुळवायचं, ही आखणीवाल्यांची सवय. मालक ओरडायचे, रंग पोटात जातो रे गाढवा, पण एकदा लागलेली सवय जाते कुठे?

हीच सवय त्याने टेबलावर नेली. नेम धरण्याआधी क्यूचं टोक नकळत ओठांना लावायचा. आता त्या टोकाला, बॉलवरून घसरू नये म्हणून, फासलेला असतो निळा चॉक! त्यामुळे मॅच संपेपर्यंत याचा खालचा ओठ निळा. कित्येक वेळा सांगून झालं, सगळ्यांनी चिडवून झालं, पण तो दरवेळी विसरायचा. मुंबईत म्हणे लोक त्याला त्यावरूनच ओळखायचे.

आणि दुसरी एक खोड, जी माझ्या डोक्यात जायची. शॉट मारला की बॉल पॉकेटमध्ये पडायची वाट बघायची नाही. पाठ फिरवून सरळ पाण्याच्या बाटलीकडे चालायला लागायचं. मागे बॉल पडल्याचा आवाज, टाळ्या, आणि हा पाणी पितोय. एवढा माज! सगळ्यात वाईट म्हणजे बॉल पडायचाच.

बाकी आयुष्यात मात्र त्याने काही धड केलं नाही. दारू लागली. मॅचच्या दिवशी गायब व्हायचा, आयोजक मला फोन करायचे. एकदा स्वतःचा क्यू हायवेच्या डिव्हायडरवर आपटून मोडला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. कधी आठवडा-आठवडा कुणाशी बोलायचा नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. क्लबने काढून टाकलं तसा घरी आला. मी शिफ्ट करून यायचो तर झाकलेलं गार ताट. हा झुलत यायचा तर आई उठून गरम भाकरी थापायची, वर पोह्याचे पापड भाजायची. मी एकदा बोललोच.

“आये, मी काय सावत्र हाय का गो?”

“तुला काय झालंय? तू कमवता हायस, धडधाकट हायस,” ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. “त्याला कोन हाय?”

म्हणजे धड असणं हाच माझा गुन्हा. मला त्याचा राग होता, हेवाही होता, आणि तो गेल्यावरही गेला नाही. लिव्हर खराब होऊन योगेश गेला. मी रडलो, खोटं कशाला सांगू. पण दहाव्याला घाटावर त्याचे पूलवाले मित्र त्याचे शॉट आठवून आठवून सांगत होते, तेव्हाही माझ्या मनात आलं — मेला तरी चर्चा याचीच.

आता मुख्य गोष्ट.

त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत रोह्याला एट बॉलची स्पर्धा लागली. मी नाव दिलं. योगेश असता तर दिलं नसतं, कारण तो असताना दुसऱ्या नंबरसाठी खेळण्यात काय मजा? सरावही चांगला झाला होता. एकदा तरी, फक्त एकदा, माझ्या नावाचा कप घरी यावा एवढंच होतं डोक्यात. आईचं माहेर निडीचं. ती तेव्हा मामाकडेच होती. निडीहून रोहा किती लांब? मी फोन केला.

“ये ना गो बघायला. मामा आणून सोडतील.”

“मला काय कळतंय त्या गोट्यांतलं? तू जा, जिंकून ये.”

योगेशची मॅच बघायला हीच बाई एस.टी.ने पनवेलपर्यंत गेली होती. असो.

रविवारची दुपार होती. हॉलमध्ये पंखे फिरत होते, चहा चालू होता, पोरं खुर्च्यांवर उभी राहून बघत होती. भुताला शोभेल असं काहीही तिथे नव्हतं. मी एकेक मॅच काढत फायनलला पोचलो. समोर रोह्याचा शोएब. पोरगा सज्जन आणि खेळायला पक्का. आम्ही बरोबरीत आलो आणि शेवटचा गेम सुरू झाला. माझा मित्र दिनेश मोबाईलवर शूटिंग करत होता. हे लक्षात ठेवा, कारण तो मोबाईल नसता तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

माझी फक्त काळी राहिली होती, म्हणजे सगळ्यात शेवटी घालायचा आठ नंबरचा बॉल; ती पडली की गेम जिंकला. शोएबचा एकच बॉल शिल्लक, तोही पॉकेटच्या तोंडाशी. म्हणजे मी चुकलो की संपलं. काळीचा सरळ रस्ता त्याच्याच बॉलने अडवलेला. काळी समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, आपटून परत मधल्या पॉकेटमध्ये आणणं, हा एक मार्ग. पण ज्याला क्यूने मारायचं तो पांढरा बॉल अशा जागी होता की उजव्या हाताने खेळायचं तर टेबलावर आडवं पडावं लागलं असतं. तो माझा शॉट नव्हेच. मी ठरवलं, सेफ खेळायचं. काळीला हळूच धक्का द्यायचा, पांढरा लपवायचा, आणि शोएबच्या चुकीची वाट बघायची. हे ठरवल्याचं मला लख्ख आठवतंय. मी खाली वाकलो, तेही आठवतंय.

त्यानंतर टाळ्या.

मधलं काही नाही... झोप लागून जाग यावी तसंही नाही. टेप मधूनच कापून जोडावी तसं. मी टेबलाकडे पाठ करून उभा होतो, हातात पाण्याची बाटली. शोएब येऊन मिठी मारत होता. “भाई, क्या मारा! ये हाथ अब तक छुपाके क्यूं रखा था?” मला वाटलं थट्टा करतोय. मी वळून टेबलाकडे बघितलं. काळी नव्हती.

दिनेश पुढे आला. हसत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता.

“संदीप, ओठ पूस,” तो हळूच म्हणाला.

मी हाताच्या पालथ्या बाजूने पुसलं. निळा चॉक.

बक्षीस समारंभात मी काय बोललो देव जाणे. बाहेर आलो, बाईकपाशी उभे राहिलो आणि दिनेशने व्हिडिओ दाखवला. त्यात मी खाली वाकतो. मग सरळ होतो. टेबलाला वळसा घालून पलीकडे जातो, क्यू डाव्या हातात घेतो. मी पक्का उजवा आहे, डाव्या हाताने मला घास तोंडात नेता येत नाही. क्यूचं टोक ओठांना लावतो. उजव्या हाताची करंगळी मुडपून टेबलावर टेकवतो. शॉट मारतो. आणि काळी अजून कुशनला लागून परतत असतानाच मी पाठ फिरवून बाटलीकडे चालायला लागतो. मागे काळी पडते.

मी तो व्हिडिओ तिथेच पुन्हा पुन्हा बघितला. भीती? नाही वाटली. खरं सांगू? पहिल्यांदा संताप आला. म्हटलं, एक कप होता रे माझा. एकच. तोही तूच नेलास? मी हरलो असतो तरी चाललं असतं, ते हरणं तरी माझं असतं. दिनेश म्हणाला, “अरे, जिंकलास ना?” मी म्हटलं, “कोण?”

डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, ताण असतो, दुःख असतं, इतकी वर्षं भावाला खेळताना बघितलंय, मेंदू नक्कल करतो, आणि नंतर आठवत नाही. पटण्यासारखं आहे. मीही तेच धरून बसलो होतो. पण मग पार्लरमध्ये जाऊन डाव्या हाताने खेळून बघितलं. पॉकेटच्या तोंडातला बॉल आत जाईना. क्यू घसरतो, पांढरा उडून खाली जातो. रोज प्रयत्न केला. पोरं हसायला लागली तसा सोडला. नक्कल करायला मुळात हातात काहीतरी असावं लागतं ना?

आईला मी काहीच सांगणार नव्हतो. कप नेऊन टीव्हीशेजारी ठेवला, ती “बरं झालं बाबा” म्हणाली आणि पापडाचं पीठ मळायला लागली. पण दिनेशच्या पोटात काही राहत नाही. तो घरी आला आणि व्हिडिओ तिच्यापुढे धरला. आधी ती नुसतीच बघत होती. क्यू ओठाला लागला आणि तिने हातातलं पीठ खाली ठेवलं.

“परत लाव,” ती म्हणाली.

दिनेशने परत लावला. परत. मग तिने मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. स्क्रीनवर बोट फिरवत होती, त्या वाकलेल्या माणसाच्या पाठीवरून. तो माणूस मी होतो, मंडळी. शर्ट माझा, टक्कल माझं. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

“किती बारीक झालाय,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पार्लरला निघालो तर ती पायात चपला घालून दारात उभी.

“कुठं निघालीस?”

“तुझा खेळ बघायला.”

किती वर्षं वाट बघितली होती या वाक्याची! पार्लरवाल्याने कोपऱ्यात खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मी खेळलो. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळलो, माझ्या स्वतःच्या उजव्या हाताने. लांबचा एक बॉल असा काढला की बाजूच्या टेबलवाले थांबून टाळ्या वाजवू लागले. मी आईकडे बघितलं. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

गेम संपला तशी उठली, पदर सारखा केला.

“आज नाय आला,” म्हणाली. “येल पुढल्या खेपेला.”

तेव्हापासून ती दर रविवारी येते. पाऊस असो, पाय दुखत असो. मामाने निडीला बोलावलं तर त्याला सांगते, रविवार सोडून येते. तसं पुन्हा एकदाही झालेलं नाही. रोह्याला त्या दुपारी काय झालं, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी डॉक्टर असेल, जाणकार असेल, तर जरूर लिहा, मला खरंच हवंय. फक्त एक विनंती आहे. पटेल असं काही सापडलंच, तर मला एकट्याला मेसेज करा, इथे सगळ्यांसमोर टाकू नका. दिनेश इथलं सगळं वाचतो, आणि तो आईला सांगेल. योगेश पुन्हा येणार नाही हे तिला एकदा पटलं, तर रविवारी ती घरीच बसेल. आणि माझा खेळ बघायला दुसरं कोण येतंय?