आंबिलीचं बिंदगं
ज्वारीच्या आंबिलीचा आंबटसर वास घरात पसरला की मला ती येळवस आठवते, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचा आमचा सण. त्या वर्षी मणक्यातली गादी सरकून माझा डावा पाय बधिर होत चालला होता आणि लातूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. "मणक्याला सुरी लागली की माणूस खाटल्यालाच," असं येणारे पाहुणे सांगत. मी डॉक्टरांना सगळं नीट विचारून घेतलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामा, मी करून घेते. येळवशीला शेतात चालत येईन." दिवाळीआधी ऑपरेशन झालं. येळवशीला कमरेला पट्टा बांधून मी निघाले, पण ओझं उचलायची मनाई होती. आमच्याकडे आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, सुनेनं डोक्यावर न्यायचं असतं. ते मामांनी घेतलं. वाटेत शेजारच्या काकू हसल्या, "काय ओ, यंदा तुम्हीच सून झालाव का?" मामा म्हणाले, "हाव. पण सून चालायलीय, ते बघा की आधी!" माझा पाय जड पडायला लागला की तेच थांबायचे. "दमानं चला रे, आंबील सांडंल." सगळे त्यांच्यासाठी थांबत, माझ्यासाठी थांबायची वेळ कुणावर आलीच नाही. शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी बिंदगं उतरवून पाहिलं, तर मामांनी ते घरूनच अर्धं भरून घेतलं होतं. हिंदकळूनही सांडलं नसतं. यंदा मामा नाहीत. ओझं उचलायची परवानगी मला केव्हाच मिळाली आहे. आज बिंदगं मी काठोकाठ भरलं आहे.