पुजलेल्या खांबावरचा प्रोजेक्टर

मित्रांनो, भूतखेत म्हटलं की मला हसू यायचं. आमच्या परभणीकडे असल्या गोष्टी सांगणारे पुष्कळ... मी मधूनच उठून जाणारा. मला भीती वेगळ्याच गोष्टींची — बोल्ट नीट बसला का, वायर तुटेल का. आठवीत शाळा सुटली, फिरत फिरत डहाणूला आलो आणि आशागडच्या रमणशेठनी मंडप-साउंडच्या धंद्यात ठेवून घेतलं. जेवणसुद्धा त्यांच्याच घरी. ते उपकार विसरणार नाही.

२०१७ चा उन्हाळा. तलासरीजवळ वेवजीला एका घरी हळद होती. नवरा-नवरीचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. त्या पाड्यावर हे पहिल्यांदाच, त्यामुळे सगळ्यांना कोण उत्साह — मलाही. पण अंगण उतरतं, आमचं स्टँड डुगडुगायला लागलं. मग प्रोजेक्टर मांडवाच्या खांबालाच उंच क्लॅम्प करायचं ठरलं. खांब सकाळीच तोडून पुरलेला, ओला. शिडीवर चढून साल काढायला मी कोयता मागितला, तर नवऱ्याची आई आडवी आली.

"पुजलेला खांब हाय. त्याला कोयता नाय लावायचा."

"मावशी, सालीवर पकड बसत नाही ओ."

शेठ खालून म्हणाले, "अरे, लाव ना तसाच. हळद मशीनला लावतील, तुला नाय."

सगळे हसले. मी सालीवरच क्लॅम्प आवळला, सेफ्टीची वायरही त्याच खांबाला गुंडाळली. पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं, घट्ट होतं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता... बरोबर खाली चटईवर पाड्यातली सगळी पोरं बसली होती.

दिवस मावळला तसा प्रोजेक्टर चालू केला. आधी नुसता निळा पडदा आला — आणि त्यावर दोन हातांची सावली. वर केलेले, पंजे उघडे, काहीतरी झेलायला धरावेत तसे. पडदाभर.

"कोन हाय रे? आपन पन करू," म्हणत पोरं पडद्याकडे पळाली आणि हात वर करून नाचायला लागली.

मी लॅपटॉपवरून मान वर केली. लेन्सपुढे कोणीच नव्हतं. तेवढ्यात सर्रकन आवाज झाला... ओली साल खांबावरून सुटली आणि क्लॅम्प, वायर, मशीन, सगळं खाली. रिकाम्या चटईवर.

शेठ धावत आले. मशीनकडे त्यांनी बघितलंच नाही. "पोरं मोज. आधी पोरं मोज."

सगळी होती. मावशींनी मला धरून बसवलं, पाणी पाजलं.

नंतर डोक्यात आलं — एवढी मोठी सावली पडायची तर माणूस लेन्सच्या अगदी जवळ हवा. आणि लेन्स तर मांडवाच्या छपराजवळ. पुढचं काम कोसबाडला होतं. तिथे दुसऱ्या मशीनपुढे मी शिडीवर चढलो, हात वर केले आणि शेठना विचारलं, "तशीच पडते का?"

ते पडद्याजवळ जाऊन बघून आले आणि म्हणाले, "हात तसेच हाय रे. पण तुझ्याबरोबर शिडी पण दिसते. त्याच्यात शिडी नव्हती."

कोणाला कारण ठाऊक असेल तर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. निदान आभार कोणाचे मानायचे, एवढं तरी कळू दे.