घरबसल्या विमानतळ

नाशिकच्या आभाळातून आजवर जेवढी विमानं गेली असतील, त्याहून जास्त विमानं माझ्या भाचीने आमच्या हॉलमधल्या डायनिंग टेबलावरून उडवली आणि उतरवली आहेत. आणि ती स्वतः मात्र अजून एकदाही विमानात बसलेली नाही. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई दिली सायखेड्याला, कांद्याच्या घरात. मुलगी अकरावी-बारावीसाठी आमच्याकडे नाशिकला राहिली, आणि बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत तिने विमान क्षेत्रातला घरबसल्या कार्यानुभव सुरू केला. आमच्या शाळेतही कार्यानुभवाचा तास असायचा. त्यात आम्ही खडू बनवायचो, ते फळ्यावर उमटायचे नाहीत, आणि मेणबत्त्या बनवायचो, त्या उभ्या राहायच्या नाहीत. हिच्या कार्यानुभवात लॅपटॉप उघडायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि दर आठवड्याला विमानतळावरचं एक नवं काम करून बघायचं. काम संपलं की लॅपटॉप बंद होई, पण तो आठवडा आमच्या घरात कायमचा मुक्कामाला येई.

पहिल्या आठवड्यात ती इंजिनियर होती. तेव्हापासून माझ्या स्कूटरला पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती मला किल्ली देईना. टायर दाबून बघायची, आरसा हलवून बघायची, खाली वाकून तेल गळतंय का पाहायची. एकदा मखमलाबादला लग्नाला निघालो होतो, मुहूर्त टळायला आला होता. मी चिडून म्हटलं, "रोज बघतेस, कधी काही सापडलंय का?" ती शांतपणे म्हणाली, "मामा, काही सापडलं नाही, हेच तर रोज सापडायला हवं." मी किल्लीसाठी हात पुढे केला. पुढचा आठवडा विमानातल्या सेविकांचा. त्या दिवसांत जेवायला बसलं की आधी उभी राहून ती दोन्ही हातांनी आम्हाला बाहेर पडायचे मार्ग दाखवी: एक स्वयंपाकघरातून, एक बाल्कनीतून. "तुमच्या जवळचा दरवाजा तुमच्या मागेही असू शकतो," असं तिने म्हटलं की माझी बायको आमटी वाढता वाढता मान वळवून मागे बघायची. मग आला माल भरण्याचा आठवडा. सायखेड्याला जाताना पिशव्या, डबे, लोणच्याची बरणी, सगळं काट्यावर चढलं. स्कूटरचा तोल तिने कागदावर काढला आणि बायकोला अतिशय अदबीने म्हणाली, "मामी, जरा पुढे सरका, मागे वजन जास्त होतंय." मामी त्या दिवशी एसटीने गेली.

पण सगळ्यांत खोल रुजला तो शेवटचा, कंट्रोल टॉवरचा आठवडा. टॉवरने दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. नुसतं "हो" चालत नाही. ही रीत आमच्या घराला लागू झाली. मी दाराबाहेर पडताना ती म्हणे, "मामा, दूध आणि कोथिंबीर." मी जिन्यातून ओरडायचो, "दूध आणि कोथिंबीर." खालच्या मजल्यावरचे काका मला भाजीवाला समजून दोनदा बाहेर आले. आणि तिचं काही चालू असताना कोणी मध्ये बोललं, की ती मान न वळवता म्हणायची, "स्टँडबाय." म्हणजे थांबा, तुमचं ऐकते, पण आत्ता नाही. मी गोष्ट सांगायला लागलो की भल्याभल्यांना ती संपेपर्यंत बसून राहावं लागतं. मला अर्ध्या गोष्टीत स्टँडबायवर ठेवणारी आयुष्यात हीच एक भेटली.

तिच्या साम्राज्याबाहेर राहिला होता एकच माणूस, तिचा बाप. तिचे नाना, आमचे दाजी. दाजींचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर फोनशिवाय पोचतो, आणि त्यांना मध्येच गप्प करायचं धाडस घरात अजून कोणी केलेलं नाही. मुलीला पुढचं शिक्षण विमान वाहतुकीचंच घ्यायचं होतं, त्यासाठी बंगळूरला जायचं होतं. दाजींचं म्हणणं, घराजवळ कॉलेज असताना पोरगी एवढ्या लांब कशाला. शेवटी ते म्हणाले, "तिचा त्या टॉवरचा शेवटचा तास माझ्या डोळ्यांनी बघतो. मग हो की नाय ते सांगतो. पुन्हा इषय नाय."

तो दिवस उजाडला आणि दाजी नेमके लासलगावहून, कांद्याच्या लिलावातून, तडक आमच्याकडे आले. चेहरा लालबुंद. पहाटेपासून ट्रॅक्टर रांगेत, आणि मागून आलेला एक ट्रॅक्टर त्यांच्या पुढे घातला गेला होता. "का घातला, कोणी सांगंना. नुसतं म्हणं, दम धरा. लय बोललो मी," म्हणत ते पाणी प्यायले आणि खुर्ची ओढून मुलीच्या मागे बसले. त्यांना ऐकू यावं म्हणून तिने हेडफोन काढून ठेवला. पडद्यावर खोटा विमानतळ, खरी घाई. एकच धावपट्टी, उडायला विमानांची रांग, आणि टॉवरवर आमची भाची. शिकवणाऱ्या बाई आणि बाकीची मुलं वैमानिक झालेली. सगळं हिंदी-इंग्रजीत, पण रांग कळायला भाषा लागत नाही. दाजींनी रांगेतलं पहिलं विमान मनोमन आपलं मानून टाकलं होतं, हे मला त्यांच्या मुठीवरून कळत होतं. त्याचा नंबर लागणार, एवढ्यात बाईंनी पेच टाकला: वर आभाळात एक विमान, आत माणूस अत्यवस्थ. भाचीने क्षणभर पाहिलं, पहिल्या विमानाला जागीच थांबवलं आणि वरच्याला उतरायला सांगितलं.

दाजी ताडकन उठले. "ए पोरी, त्याला कसा काय घेतला मधी? हा पहिला हाय ना, कवाचा उभाय बिचारा." माइक चालू होता. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली मुलं कान टवकारून बघू लागली. बाईंनी विचारलं, "टॉवर, ये कौन बोल रहा है?" माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला बंगळूरचं तिकीट डोळ्यांदेखत फाटताना दिसलं. भाचीने मान वळवली नाही. नेहमीच्याच सुरात म्हणाली, "नाना, स्टँडबाय."

वादळाची वाट बघत मी डोळे मिटले. वादळ आलं नाही, तेव्हा उघडले. ती पुढे त्या थांबलेल्या विमानाशी बोलत होती: आपका नंबर गया नहीं है. वर एक आजारी माणूस आहे, तो उतरला की पहिले तुम्हीच, तोवर इंजिन चालू ठेवा. त्या पोराने ते सगळं परत म्हणून दाखवलं. आजाऱ्याचं विमान उतरलं, धावपट्टी मोकळी झाली, आणि पहिलं विमान पहिल्याच नंबरने उडालं. मी मागे पाहिलं तेव्हा दाजी खुर्चीत बसले होते. हळूच, स्वतःशीच, म्हणाले, "स्टँडबाय."

तास संपल्यावर बायकोने दिलेला चहा त्यांनी हातात घेतला. मग मला म्हणाले, "पाव्हणं, सकाळी मला असं कोणी समजावून सांगितलं असतं, तर मी कशाला भांडलो असतो?" चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मुलीला विचारलं, "बंगळूरला भाकरी मिळती का?" एवढंच. मी लगेच ताईला फोन लावला, तिने दिलेला हुंदका सायखेड्याहून ऐकू आला.

नाशिकरोड स्टेशनवर गाडीच्या खिडकीशी दाजी उभे होते. "उतरली की फोन." आतून आवाज आला, "उतरले की फोन." "दाराला आतून कडी." "दाराला आतून कडी." गाडी हलली तरी ते सूचना देत चालत राहिले, आणि फलाट संपेपर्यंत एकही सूचना उत्तराशिवाय राहिली नाही.

आता स्कूटरला प्रदक्षिणा मी एकटा घालतो. काही सापडत नाही. मी दूध आणि कोथिंबीर म्हणत जिना उतरतो, खालचे काकाही आता बाहेर येत नाहीत. मात्र कधीमधी संध्याकाळी दाजींचा फोन येतो. ते शेतात उभे असतात, वारा ऐकू येत असतो. "पाव्हणं, आत्ताच एक गेलं डोक्यावरनं. तुमच्याकडं चाललंय." मी गच्चीवर जातो. थोडा वेळ वर बघत थांबतो. लाल दिवा दिसला की भाचीच्या टॉवरच्या रीतीने फोनवर परत म्हणतो, "एक आमच्याकडे." मग ते म्हणतात, "बरंय," आणि फोन ठेवतात.