उंदरात जमलं म्हणून

आमच्या गल्लीतले उंदरांवर प्रयोग करणारे सर कशालाच सरळ ‘व्हय’ म्हणत नसत. पाऊस येईल का विचारलं, तर ‘कुठल्या पेठेत?’ म्हणत.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हिचा डावा हात सुजला. दर रविवारी मी टेपनं मापायचो. उजव्यापेक्षा सात सेंटिमीटर जास्त भरला, तेव्हा उंदरांची अशी सूज, शरीरातल्या वाहिन्या वाढवणाऱ्या एका घटकाच्या औषधानं उतरल्याचं कात्रण घेऊन सरांकडे गेलो.

दोनदा वाचून ते म्हणाले, ‘भाऊ, उंदराचा हा वाढीचा घटक फक्त सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांना चिकटतोय. माणसाचा रक्तवाहिन्यांनाबी चिकटतोय. त्या पाझरल्या तर सूज वाढंल की.’

कात्रणाची बारीक घडी करून त्यांनी ते स्वतःच्या खिशात टाकलं. ‘वहिनींना दाखवू नका.’

‘तिनंच कापून दिलंय, सर. दारात वाट बघत उभी आसंल.’