मर्सीच्या गोलमागची झोळी

नीमा गेल्याचा फोन इंदिरानगरहून भाच्याने केला, तेव्हा मी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि मगच खुर्चीत बसले. तिनेही असंच केलं असतं...

मुलांनो, तुमची नीमाआजी, माझी धाकटी बहीण, तुम्ही आजारपणातच पाहिलीत. म्हणून आधीची सांगते. झांबियात, तांब्याच्या खाणींच्या गावात, तिने वर्षानुवर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथल्या महिला फुटबॉल क्लबची व्यवस्थापक झाली. क्लब देशाच्या महिला लीगमध्ये खेळायचा, पण बस ठरवण्यापासून मोजे वाळत घालण्यापर्यंत सगळं हिच्याकडे. मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा हंगामाचा शेवटचा सामना होता. हरलो तर लीगमधून बाहेर. गोलकीपर मर्सीचं बाळ अजून अंगावर पिणारं. क्लबच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "बाळापायी गोल झाला, तर मर्सीने यापुढे घरीच बसायचं." नीमाने ऐकून घेतलं आणि माझी एक सुती साडी मागितली. समोरच्या संघाच्या गोलमागे झाड होतं, त्याला झोळी बांधली. तिथलं रडणं मर्सीपर्यंत पोचलं नसतं.

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तेव्हा झोळीही हलवायची, हे ठरलेलं होतं. पण बाळ गाढ झोपलेलं, आणि झोपलेल्या बाळाला झोळीतून उचलायचं आम्हा दोघींच्या हातून होईना.

"राहू दे गं, उठेल," मी म्हटलं.

"राहू दे, ताई," तीही म्हणाली.

आणि मर्सी येऊन नेमकी झोळीपुढेच उभी राहिली!

शेवटची मिनिटं, गोल बरोबरीत. समोरून एक मुलगी चेंडू घेऊन धावत आली आणि झोळीतून टाहो फुटला. मर्सीची मान वळली. "पुढे बघ, मर्सी! बाळ माझ्याकडे आहे!" नीमा इंग्रजीत ओरडली, बाळ उचललं, पदर खोचला आणि मैदानाच्या कडेने पळत सुटली. साठी उलटलेली बाई! मर्सीने झेप घेतली, चेंडू बोटांनी बाहेर ढकलला. क्लब लीगमध्ये राहिला.

"मॅडम, आज सगळ्यांत जास्त तुम्हीच पळालात," अध्यक्ष म्हणाले.

"मग पुढच्या हंगामात मलाही बूट द्या," नीमा धापा टाकत म्हणाली, "कारण बाळ येणारच आहे."

आलंच. त्यामागून इतर मुलींचीही आली.

गेल्या आठवड्यात मर्सीचा फोन आला. आता ती कर्णधार आहे. आधी रडली, मग सांगू लागली. नीमा भारतात परतल्यापासून प्रत्येक सामन्याआधी मर्सी संघाला पहिला प्रश्न विचारते, "आज नीमा कोण?" ज्याचा हात वर होईल, त्याने बाळं सांभाळायची. नीमाची बातमी पोचल्यानंतरच्या सामन्यालाही तिने विचारलं. मग अध्यक्षांनी हात वर केला, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बाळ घेतलं.