आधी दुसऱ्याची बाजू

फादरांशी भांडता येत नसे. भांडायला आलेल्या माणसाची बाजू ते आधी स्वतःच मांडत, आणि त्याच्यापेक्षा चांगली मांडत. जव्हारला ज्या आळीत ते भाड्याने राहत, तिथल्या घरमालकीणबाई एकदा तणतणत वर आल्या. फादर मूळचे वसईचे. घरून सुके बोंबील आणत आणि रविवारी भाजत. बाईंनी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "बसा. वास येतो, ही तुमची पहिली तक्रार. खोली घेताना मी हे सांगितलं नव्हतं, ही दुसरी. आणि दोरीवरच्या लुगड्यांना वास लागतो, ही तिसरी. ती तुम्ही विसराल म्हणून मी सांगतो." बाई गोंधळून म्हणाल्या, "हो, तेच म्हणायचं होतं." मग फादरांनी आपली बाजू सांगितली. ती एवढीच होती, की रविवारी घरची आठवण येते. बाई खाली गेल्या आणि त्यांनी दोरी पुढच्या अंगणात हलवली.

ते खरे फादर नव्हते. आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी सहा वर्षं शिकले होते आणि शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले होते. गावात त्याबद्दल नाना तर्क होते, त्यांत एखाद्या बाईचा तर्क अर्थातच होता. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "आज्ञापालनाची शपथ घ्यायची होती. मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. ते अजून संपले नाहीत." फादर हे नाव मुलांनी चेष्टेनं ठेवलं आणि तेच चिकटलं. पाड्यांवर मात्र त्यांना सर म्हणत.

तिसऱ्या वर्षाला 'मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान' असा एक पेपर होता. तो घेणारे आम्ही तिघं. मी मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. दुसरा मोखाड्याचाच एक मुलगा, तिसरा जव्हारच्या दुकानदाराचा. पहिल्याच तासाला मोखाड्याच्या मुलानं विचारलं, की सर, सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या परदेशी पाद्र्यांचं आम्ही इथे करायचं काय? फादर खूश झाले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर त्याच्या बाजूनं पाच मुद्दे लिहिले. ते पाद्री आमच्या देवाला देव मानणार नाहीत, हा मुद्दा त्या मुलाला सुचलाही नव्हता. तास संपेपर्यंत आमची खात्री झाली होती, की हा पेपर निरुपयोगी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'याउलट', आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. त्या जुन्या लोकांची वाद घालायची पद्धत अशीच होती, असं ते सांगत. आधी आक्षेप, तेही पूर्ण ताकदीनं, मग याउलट, मग आपलं म्हणणं, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. "आज लोक दुसऱ्याचं म्हणणं अर्धं ऐकतात आणि त्या अर्ध्याला मारतात," ते म्हणत. "ते लोक पाखंडी ठरवलेल्यांच्या जळत्या चिता बघत जगणारे होते, त्यांच्यात दोष पुष्कळ. पण एवढी सभ्यता त्यांच्याकडून घ्या."

वाईट म्हणजे काय, हा धडा त्यांनी वर्गात शिकवला नाही. आम्हा तिघांना कॉलेजमागच्या कातळावर नेलं. म्हणाले, "या दगडाला दिसत नाही. तुम्हाला त्याचं वाईट वाटतं? नाही. माणसाला दिसेनासं झालं तर वाटतं. का? कारण तिथे दृष्टी असायला हवी होती. जिथे जे असायला हवं तिथे ते नसणं, एवढाच वाईटाचा अर्थ. वाईट ही वस्तू नाही, ती उणीव आहे." दुकानदाराच्या मुलानं म्हटलं, की मग खून हीसुद्धा उणीवच का? त्यावर ते बराच वेळ बोलले, सगळं मला आता आठवत नाही. आठवतं ते हे, "आजच्या माणसाला वाईट म्हटलं की वाईट करणारा लागतो. तो सापडला नाही की कागद बंद. ते जुने लोक आधी विचारत, इथे काय नाही? कोण, ते नंतर." मी पाड्यावरची होते. काय नाही याची यादी मला पाठ होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की ती यादी म्हणजे विचार करण्याचीसुद्धा गोष्ट असते.

विवेकावरच्या प्रश्नात त्या वर्षी मला सर्वांत जास्त गुण मिळाले. आपल्या मनाला जे खोटं वाटतं ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून करणं हे पापच, सांगणारा कितीही मोठा असो, हे मी चार पानं लिहून काढलं होतं. फादरांनी वर्गात ते वाचून दाखवलं.

पदवीनंतर मी परीक्षा दिली आणि जव्हारच्याच एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. पाड्यात जेवण झालं. फादर आले, मांडी घालून बसले, नागलीची भाकरी खाल्ली. आमच्या शेजारचा सोनूदादा आणि त्याची बायको जानकीवहिनी वाढत होते. वहिनीला तेव्हा तिसरा महिना होता.

पावसाळ्यात वहिनी गेली. कळा सुरू झाल्या तेव्हा नदी भरलेली होती. नदीवर पूल नाही. सोनूदादानं आणि चौघांनी घोंगडीची डोली केली, काठावर आणली आणि पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी उतरलं तेव्हा वहिनी आणि बाळ दोघंही नव्हती.

बोभाटा झाला, चौकशी समिती नेमली गेली. त्यात स्थानिक प्रतिष्ठित नागरिक म्हणून फादरांचं नाव घातलं. बाकीचे दोन सभासद पाड्यावर आलेच नाहीत. फादर मात्र पायी आले, चार दिवस राहिले, नदीच्या दोन्ही काठांवर फिरले, आणि आपल्या बारीक अक्षरात अठरा पानं लिहून काढली. ती टंकायला माझ्याकडेच आली. टंकूनही अठराच पानं झाली, आणि शेवटच्या पानावर त्यांनी सही केली. स्वतःजवळ त्यांनी नक्कल ठेवली नाही. विद्यार्थिनी कचेरीत आहे म्हटल्यावर त्यांना तशी गरज वाटली नसावी.

अहवाल त्यांच्या पद्धतीनं लिहिलेला होता. पहिली नऊ पानं आक्षेपांची. कुटुंबानं निघायला उशीर केला. ते आधी भगताकडे गेले. आदल्या महिन्यात महिला तपासणीला आली नव्हती. एवढ्याशा वस्तीसाठी पूल बांधणं शक्य नाही. कुठल्याही वकिलाला जमलं नसतं इतक्या नीट त्यांनी ही बाजू मांडली होती. दहाव्या पानावर वरती 'याउलट' होतं. उशीर झाला, कारण फोनला रेंज फक्त टेकडीवर येते आणि माणूस टेकडीवर जाऊन परत आला. तपासणीला जायचं तर तीच नदी ओलांडायची होती. भगताकडे गेले, कारण भगत नदीच्या अलीकडे राहतो आणि डॉक्टर पलीकडे. शेवटचं वाक्य असं होतं, की दोषी माणूस शोधणं समितीचं काम असेल, पण तिथे काय नाही हे शोधायला मला पहिल्या तासाहून जास्त वेळ लागला नाही.

साहेबांनी सगळं वाचलं. पिन काढली, दहा ते सतरा ही पानं बाजूला केली आणि सहीचं अठरावं पान नवव्याखाली ठेवलं. अठराव्यावर सही आणि ठिकाणाखेरीज काही नव्हतं. "वर एवढंच पाठवा," ते म्हणाले, "बाकीचं तात्त्विक आहे." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, धमकी तर मुळीच नव्हती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी पानांचे आकडे बदलले, पुन्हा पिन लावली आणि जावक क्रमांक टाकला. पाच मिनिटांचं काम होतं.

वर्तमानपत्रात बातमी आली, की कुटुंबाच्या दिरंगाईमुळे मृत्यू, समितीतल्या प्राध्यापकांचा निष्कर्ष. फादर कचेरीत आले. माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी हस्तलिखित मागितलं. मी म्हटलं, साहेबांच्या कपाटात आहे. ते खरं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत गेलं, तेव्हाही मी तिथेच होते. त्यांनी वर पत्रं लिहिली. उत्तर आलं, की अहवालावर आपलीच सही आहे.

मग ते पाड्यावर गेले. कुणीतरी सहीच्या कागदाची छायाप्रत तिथे आधीच पोचवली होती. फादरांनी समजावायचा प्रयत्न केला, की हे आक्षेप आहेत, माझं मत नव्हे. पाड्यातल्या माणसांना त्यांनी ही पद्धत कशी समजावली असेल, देव जाणे. सोनूदादा घरातून बाहेर आलाच नाही. कुणी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. हे मला आईनं सांगितलं, आणि वर म्हणाली, "शिकलेला माणूस आपला नसतो."

दोन वर्षांनी तत्त्वज्ञान विभाग बंद झाला. पेपर घ्यायला एकच मुलगा उरला होता. फादर वसईला परत निघाले. आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते सुतळीनं पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. मी म्हटलं, "सर, ती पानं मी काढली."

ते म्हणाले, "माहीत आहे. जावक नोंद तुझ्या हातची होती." मग गठ्ठ्यावर बसले आणि त्यांनी माझी बाजू मांडली. मी परिवीक्षेत होते. साहेबांनी लेखी हुकूम दिला नव्हता, त्यामुळे नकार कशाला द्यायचा तेच हाताशी नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी पिन लावली असती. "आणि चौथी गोष्ट तू सांगणार नाहीस, म्हणून मी सांगतो. तुझी नोकरी गेली असती, तर पाड्यातल्या पुढच्या मुलीचं शिक्षण थांबलं असतं." माझ्यासाठी इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं. मी रडत होते आणि वाट बघत होते. ते पुन्हा सुतळी ओढू लागले.

मी विचारलं, "आणि याउलट?"

"ते मी लिहायचं नाही," ते म्हणाले.

निघताना मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "चूक माझीही आहे. ते जुने लोक ज्या सभेत वाद घालत, तिथे समोरचा शेवटपर्यंत बसून राहायचा. आजही तसंच असतं, असं मी धरून चाललो." एवढा कडवटपणा मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता, आणि त्यांना तो शिकवला होता आम्ही.

गेल्या वर्षी ते वारले. कॉलेजनं शोकसभा घेतली. मी आता वरिष्ठ लिपिक आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला सांगितलं. बोंबलाची गोष्ट सांगितली, लोक हसले. दगडाची सांगितली, लोक गंभीर झाले. मी पंधरा मिनिटं चांगली बोलले. चहा द्यायला सोनूदादा होता. दोन वर्षांपासून तो तिथे कंत्राटी शिपाई आहे. कप माझ्या हातात देऊन तो तिथेच थांबला.

"एवढा चांगला माणूस होता, मग आमाला उशीर झाला असा का लिवला त्यानी?"

त्या गर्दीत, हातात कप धरून, मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं खाली मान घालून ऐकलं.

"ते जिते होते तवा का नाय सांगितला?" तो म्हणाला. मग कपांचा ट्रे उचलून म्हणाला, "मला नको सांगू. पाड्यात येऊन सांग."

पुढच्या रविवारी मी गेले. सोनूदादाच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली होती. मी आक्षेप सांगितले, मग दहाव्या पानापासून जेवढी उत्तरं आठवत होती तेवढी सांगितली, मग पिन कुणी काढली आणि कुणी लावली तेही सांगितलं. मधेच कुणी उठलं नाही. माझी आई माझ्याकडे न बघता बसली होती.

मी थांबल्यावर सोनूदादाची म्हातारी आई म्हणाली, "त्या कागदात माझ्या सुनेचा नाव होता का?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या नऊ पानांत ती सगळीकडे 'सदर महिला' होती. दहाव्या पानाच्या पहिल्या ओळीपासून फादरांनी तिला जानकी म्हटलं होतं.

"होतं," मी म्हटलं. "मी काढलेल्या पानांत."