कॅसेट देवापुढं होती

आधीच सांगतो, भूत-बित मी मानत न्हाय. भुताला भ्यायलाबी जरा डोकं लागतं, अन् माझं डोकं चौथीच्या वर्गातच राहिलं. येडशीत ठेसनाच्या रस्त्याला माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाय. धड लिहिता येत न्हाय, म्हणून हे मोबाईलमधी बोलून टाकतोय. चुकलं तर मोबाईलला हसा... मला हसून हसून गाव दमलंय.

तर गोष्ट माझ्या चुलतभावाची, इलासची. पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला होता, आता घरूनच करतो. त्याला जुन्या कॉम्प्युटरचा नाद. त्यातला एक त्यानं भंगारातनं आणला — नुसता कीबोर्डच असतो, टीव्हीला जोडायचा, अन् टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजवून गेम आत घालायचा. कॅसेट कर्रर्र करत बसती, तोवर आपला चहा पिऊन होतो. अन् एकदा बटण बंद केलं की ते येडं सगळं विसरतं. परत पहिल्यापासनं कॅसेट. म्हंजी डोक्यानं माझ्यावरच गेलेलं.

त्याचा जळलेला सप्लाय म्या नीट केला. टेपचं हेड म्या स्पिरिटनं पुसलं. अन् इलासनं त्याच्यावर नवाकोरा गेम बनवला. त्यात आमच्या गावाजवळच्या रामलिंगाच्या डोंगरात एक शेळक्या हाय — ह्या कपारीवरनं त्या कपारीवर उड्या मारायच्या, माकडं चुकवायची, चुकलेल्या शेळ्या गोळा करायच्या. परदेशात माणसं अजून असल्या मशीनवर नवे गेम खेळत्यात म्हणं. त्यांनी इलासची लई तारीफ केली.

इथपर्यंत माझं पोट नुसतं दुखत होतं. जळायला लागलं ते त्या शेळक्याला नीट बघितल्यावर. डोक्याला मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी, डावा पाय जरा लंगडा.

"हे आबा हायती की रं," मी म्हणलं.

"व्हय दादा. आबाच."

आबा म्हंजी माझे वडील. जन्मभर रामलिंगात शेळ्या राखल्या. वारून लई वर्षं झाली. बाप माझा, अन् टीव्हीत आणला ह्यानं. तसा आबांनाबी इलासच लाडका. "त्या इलासचं डोकं बघा, अन् आमचं येडं बघा," असं चार माणसांत म्हणायचे. येडं म्हंजी मी. आईनं तर गेम बघून डोळे पुसले, इलासच्या तोंडावरनं हात फिरवला, अन् मला म्हणली, "तू बस सप्लाय जोडत."

त्यात मला तो गेम येईना. तिसऱ्या कपारीवरनं आबा खाली, ठरलेलं. इलास म्हणायचा, "दादा, तू आबांना रोज मारायलास."

मग आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी अवजारं धुऊन-पुसून देवापुढं मांडत्यात, हळद-कुंकू वाहत्यात, अन् दसरा होईस्तोवर हात लावत न्हायती. अवजारांची सुट्टी असती ती. इलासनं टेपरेकॉर्डर अन् गेमची कॅसेट आपल्या घरी देवापुढं ठेवली. कीबोर्ड माझ्या दुकानात होता. त्याला म्या सोल्डरगनच्या शेजारी मांडून झेंडूचं फूल वाहिलं.

दुपारी अर्धं शटर ओढून पडलो, पण झोप येईना. म्हणलं, आज इलास न्हाय, हसाय कुणी न्हाय, तिसरी कपार पार करूनच दाखवतो. फूल बाजूला केलं. टीव्ही लावला, बटण दाबलं. आबा उभे.

उजवीकडचं बटण दाबलं तर आबा हलंनात. मग उलटे फिरले अन् डावीकडं चालाय लागले... भिंतीतनं आरपार. तिकडं काय न्हाय, इलासनंच सांगितलेलं. पण तिकडं एक कडूलिंबाचं झाड होतं. वर फांदीवर बारकं पोरगं. आबांनी घोंगडी काढली, एक कड शेजारच्या बोरीच्या झाडाला बांधली, दुसरी कड दोन्ही हातांनी ताणली अन् मधी दातांनी धरली. अन् वर बघत उभे राहिले.

ते पोरगं म्हंजी मी. शेळ्यांना पाला काढाय चढलो होतो अन् उतरता येईना. आबांनी अशीच घोंगडी धरली, मी उडी मारली, अन् माझ्या वजनानं त्यांचा पुढला दात गेला. आबांनी घरी सांगितलं, बोकडानं ढुसणी मारली. मला कुणी हसू नये म्हणून. हे आमा दोघांशिवाय कुणालाच ठाव न्हाय.

म्या उडीचं बटण दाबलं.

पोरगं घोंगडीत पडलं. बारक्या चौकोनांचे ते आबा... त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग पोराला खांद्यावर घेतलं, अन् टीव्ही काळा झाला.

इलासला बोलावून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणला, "दादा, गेम लावलास कशानं?"

"कशानं म्हंजी?"

"कॅसेट आमच्या देवापुढं हाय. टेपबी तिथंच."

तवा माझ्या ध्यानात आलं. ती कर्रर्र झालीच नव्हती. जळायच्या नादात मला कळलंच न्हाय.

दसऱ्याला कॅसेट आणली, तर इलासच्या बायकोनं भक्तीनं फितीवरच कुंकू वाहिलेलं. हेड पुसून पुसून माझी बोटं लाल झाली. शेवटी गेम लागला. डावीकडं भिंतच. इलासनं गेम उघडून आतनं सगळा चाळला. लिंब न्हाय, पोरगं न्हाय. "एवढं बसाय ह्या मशीनमधी जागाच न्हाय, दादा," म्हणला.

मग हळूच म्हणला, "गेम म्या केला. रोज म्या चालवलं त्यांना. मला एकदाबी भिंतीपलीकडं नेलं न्हाय."

उभ्या जल्मात माझ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी जळलं, अन् तेबी इलास.

हे कसं झालं, ते मला आजबी सांगता येत न्हाय. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मलाच सांगा, त्याला नका सांगू. तो आता रोज दुकानात येतो, बिगर कॅसेटचं मशीन चालू करतो, अन् रिकाम्या टीव्हीपुढं बसून विचारतो, "दादा, कुठून गेले ते?"

मला काय ठाव? पण मी स्क्रू आवळत आवळत म्हणतो, "ते आमच्या बापलेकातलं हाय."